आठवडाभर आराम, मग पुन्हा तीच कंबर : गाडीतल्या पाठीच्या उशीचं नेमकं कुठे बिघडतं

“ताई, पहिले आठ दिवस उशी एकदम भारी होती. आता परत दुखतंय.”

सोसायटीबाहेरच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्या मामांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. आदल्याच आठवड्यात सासऱ्यांनी हेच वाक्य जरा जास्त शुद्ध मराठीत ऐकवलं होतं. मी चाकणला गाड्यांच्या सीटच्या खोळी आणि फोम यांचे नमुने कापण्याचं काम करते. कोथरूडहून रोज जाऊन-येऊन असते, त्यामुळे प्रयोगाला स्वतःची कंबर कायम हाताशी असते. फोमचा ठोकळा विकत आणायचा, वर्षभरात तो बसला की कचऱ्यात टाकायचा आणि नवा आणायचा, हे मला पटेना. म्हणून चार वर्षांपूर्वी काथ्या, सावर, रबर, लोकर असं जे मिळेल ते घेऊन उशा शिवायला बसले. शिवल्या, वाटल्या, आणि तक्रारी घेऊन परतही आल्या. तक्रारी मोजून पाच-सहा आहेत, माणसं तेवढी बदलतात. आता प्रत्येकाला पार्किंगमध्ये उभं राहून समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आधी उशी काढून मागच्या सीटवर टाका

“आठ दिवस बरं, मग परत” याचं कारण बहुतेक वेळा उशीत नसतंच, ते बसण्यात असतं. नवी उशी लावली की आपण आठवडाभर शहाण्यासारखे बसतो, पाठ टेकवून, लक्ष देऊन. मग लक्ष सुटतं आणि बूड दोन-तीन इंच पुढे घसरतं. बूड पुढे गेलं की ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि कमरेचा जो नैसर्गिक आतला बाक आहे तो सपाट होतो. कमरेत पाच मणके आहेत. त्यांच्या मधल्या, साधारण पट्ट्याच्या जरा वरच्या भागाला टेकू द्यायला लावलेली उशी आता तिथे उरतच नाही. माणूस खाली घसरलेला, उशी जागच्या जागी, म्हणजे ती आता बरगड्यांना ढोसते. वरून ढकलल्यावर माणूस आणखी वाकतो. उशीने दुखणं वाढलं असं वाटतं, आणि खरंच वाढलेलं असतं.

बूड पुढे का घसरतं? कारण सीट मागे ठेवलेली असते आणि क्लच लांब असतो. पुण्यात क्लच किती वेळा दाबावा लागतो हे नवले पुलाखाली संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलेल्याला सांगायला नको. दर वेळी पाय पोचवायला माणूस थोडा पुढे सरकतो, आणि मागे यायचं विसरतो.

तेव्हा उशीशिवाय आधी एवढं करा. बूड अगदी मागे, सीटच्या खाचेपर्यंत न्या. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. पाठ टेकलेली ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. पंजा कसाबसा पोचत असेल तर पाठीचा कोन फार आडवा आहे. बसायची गादी आणि पाठ यांच्यात १०० ते ११० अंश ठीक. अगदी काटकोनात ताठ बसणं ही शाळेतली शिस्त झाली, कण्याची सोय नव्हे. १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये अँडरसन आणि नाखेमसन यांनी माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. पाठ जरा मागे कलली आणि कमरेला टेकू मिळाला की चकतीवरचा दाब उतरतो, असं त्यांना दिसलं. दोन्ही गोष्टी लागतात, नुसती उशी पुरत नाही.

एवढं करून पाच दिवस गाडी चालवा. सासऱ्यांचं दुखणं इथेच निम्मं गेलं. त्यांना हे अजून मान्य नाही, ते श्रेय उशीला देतात.

मग टॉवेल

अजून पैसे खर्च करू नका, शिवायलाही बसू नका. आंघोळीचा जुना टॉवेल लांब गुंडाळी करून दोन्ही टोकांना नाडीने बांधा आणि कमरेच्या पोकळीत ठेवा. दाबल्यावर जाडी तीन-चार सेंटिमीटर राहायला हवी. एका दिवसात एकच बदल करा : आज बोटभर वर, उद्या बोटभर खाली, परवा एक वेढा कमी. जिथे अर्ध्या तासाने ‘काहीच जाणवत नाही’ असं वाटेल, तिथे सीटवर खडूने खूण करा. बहुतेकांची ही खूण गादीपासून १५ ते २५ सेंटिमीटर उंचीवर येते, पण उंच आणि बुटक्या माणसांत बराच फरक पडतो. म्हणूनच एकाच गाडीत नवरा-बायकोला एक उशी चालत नाही. आमच्याकडे त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

टॉवेलने पाच दिवसांत काडीचाही फरक पडला नाही, तर कितीही सुंदर उशी शिवली तरी पडणार नाही. तिथे थांबा आणि दुसरं कारण शोधा.

उशी सरकते

बाजारातल्या उशांना मागून एकच इलॅस्टिकचा पट्टा असतो. दर ब्रेकला तो थोडा ताणतो, थोडा सोडतो, आणि कात्रजचा घाट उतरेपर्यंत उशी माकडहाडापाशी आलेली असते. इलॅस्टिकचा नाद सोडा. न ताणणारा सुती किंवा नायलॉनचा पट्टा घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत पट्टे आणि बकला दोन्ही मिळतात. दोन पट्टे हेडरेस्टच्या दांड्यांना अडकवून उशी वरून टांगा, आणि खालचा एक पट्टा गादी-पाठीच्या खाचेतून मागे ओढून बांधा. वरून टांगलेली उशी खाली जात नाही आणि खालून धरलेली वर चढत नाही. पाठच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे शिवले की आडवी घसरणही थांबते. पंक्चरवाले ट्यूब फुकट देतात, वर “कशाला पाहिजे?” हेही विचारतात.

सीटच्या पाठीला आडवा वेढा घालणारा पट्टा मी मुद्दाम टाळते. अनेक नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच, दाराकडच्या कडेला असते. तिथे शिवणीवर छोटी चिठ्ठी किंवा ठसा दिसेल. ती शिवण फाटूनच बॅग बाहेर येते, त्यामुळे त्या कडेवर पट्टा, जाड खोळ, काहीही नको.

उशी चपटी होते

इथे मी सगळ्यात जास्त कापड, वेळ आणि अब्रू घालवली आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली उशी कापसाची. पिंजून घेतलेला देशी कापूस, वर मांजरपाट, दिसायला देखणी. तीन आठवड्यांत पापड. कापसाच्या तंतूला स्वतःची स्प्रिंग नसते. दाब आणि घाम मिळाला की तो एकमेकांत बसून घट्ट होतो. आपल्या आज्या दरवर्षी गाद्या पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायच्या त्या उगाच नाही. आता पिंजारी शोधायला निम्मं पुणं फिरावं लागतं.

दुसरी सावरीची. डोक्याखाली सावरीसारखं सुख नाही, पण तिचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो. तो एकमेकांना धरून राहत नाही. उभ्या उशीत सगळी सावर आठवड्यात तळाला. बोटभर रुंदीचे कप्पे शिवले तर थोडी टिकते, पण पाठीला जो ठामपणा हवा तो तिच्यात नाहीच.

तिसरी राळ्याची. बाळाच्या डोक्याखाली राळ्याची उशी देतात ना, आकार छान घेते म्हणून; मला वाटलं, कमरेचा आकारही घेईल. घेतला, पहिल्या सिग्नलपर्यंत. दाणे दाबापासून पळतात, त्यामुळे जिथे टेकू हवा तिथून ते बाजूला होतात. पावसाळ्यात त्यात पोरकिडे झाले. पुढे पार्किंगमधल्या उंदराने एक कोपरा कुरतडला आणि गाडीच्या कार्पेटच्या प्रत्येक खाचेत राळे भरले. त्याला तीन वर्षं झाली, नवऱ्याने विषय अजून सोडलेला नाही.

फोमबद्दल एक गोंधळ कायम असतो. दुकानदार विचारतो “सॉफ्ट की हार्ड?”, आणि आपण हार्ड म्हणजे टिकाऊ समजतो. टिकाऊपणा बघायचा तो डेन्सिटीत : ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो माल. हलक्या डेन्सिटीचा फोमही कडक बनवता येतो आणि तो हाताला भक्कम लागतो, पण आतल्या भिंती पातळ असल्याने लवकर मोडतो आणि मग बसतो. फोम घ्यायचाच असेल तर ४० च्या खाली जाऊ नका. हा फोम खनिज तेलापासून येतो आणि एकदा बनला की प्लास्टिकच्या बाटलीसारखा वितळवून दुसरं काही करता येत नाही. कातरणीचे तुकडे दाबून, चिकटवून बनवलेला रिबॉन्डेड फोम मात्र मिळतो, घनमीटरला ८०-१०० किलोचा, रंगीबेरंगी ठिपक्यांचा. नैसर्गिक नाही, पण कचऱ्यात जाणारा माल वापरात येतो आणि वर्षानुवर्षं बसत नाही. ‘इको’ असं पानाचं चित्र छापलेल्या अनेक उशांपेक्षा मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

मेमरी फोम हाही त्याच घरातला, फक्त उष्णतेला नरम पडणारा. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान ५० अंशांच्या वर सहज जातं, तेव्हा त्याचा शिरा होतो. डिसेंबरच्या सकाळी सातला तोच पाटा. घरात ठीक, पुण्याच्या गाडीत नको.

शेवटी टिकला तो काथ्या, पण सुटा नव्हे, रबर मारलेला. नारळाचे तंतू कुरळे करून त्यावर रबराच्या झाडाचा चीक फवारतात, दाबतात आणि तापवून पक्के करतात. गाद्यांच्या दुकानात ‘कॉयर शीट’ म्हणून मिळते. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर, म्हणून तो सहजी कुजत नाही, आणि तंतूंच्या मधून वारा आरपार जातो. ही कल्पना नवी अजिबात नाही : जुन्या बीटल गाडीच्या सीटमध्ये काथ्या असायचा, आणि १९९०च्या दशकात ब्राझीलमध्ये मर्सिडीझच्या ट्रकांत काथ्या आणि रबराचे हेडरेस्ट व सीटचे भाग बसवले गेले.

दोष आहेतच. काथ्याची कड चावते, तंतू खोळीतून टोचतात, आणि तो फार कमी दबतो. म्हणून नुसता काथ्या पाठीला लावू नका. आकार काथ्याने द्या, मऊपणा वरच्या थराने.

मी आता कशी बनवते

एक इंची कॉयर शीट, ३० सेंटिमीटर रुंद, २४ उंच. चारही कडा ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने उतरत्या कापते, मधे जाड आणि कडेला जवळजवळ शून्य. या उतारावरच सगळं अवलंबून आहे. ठोकळ्यासारखी सरळ कड ठेवली तर वरची कड पाठीत घुसते. त्यावर पाऊण इंच नैसर्गिक लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा स्पंज. घेताना नीट विचारा, कारण कृत्रिम रबर मिसळलेला मालही याच नावाने विकतात. रबराची ॲलर्जी असलेल्यांनी लॅटेक्सऐवजी लोकरीचे दोन थर घ्यावेत. त्यावर जुन्या घोंगडीचा तुकडा : लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषूनही ओली लागत नाही, काथ्याचं टोचणं थांबवते, आणि काथ्या-कापसासारखी चटकन पेटही घेत नाही. मग मांजरपाटाचं अस्तर, आणि बाहेर जाड खादीची चेनवाली खोळ, धुवायला काढता येईल अशी.

थर चिकटवायला सोल्यूशन लावत नाही. दाभणाने, सुतळीचे सहा-आठ टाके आरपार घालते, गादीवाले घालतात तसे. वास येत नाही, हवा अडत नाही, आणि एखादा थर खराब झाला की टाके उसवून तेवढाच बदलता येतो. काथ्या खराब झाला तर कुंडीत तळाला घाला. दोन सांगण्या : लॅटेक्सला थेट ऊन चालत नाही, तो पिवळा पडून भुसभुशीत होतो, म्हणून खोळीशिवाय वापरू नका. आणि ‘बांबूच्या कापडा’ची खोळ जास्त पैसे देऊन घेऊ नका, ते बहुतेक वेळा रसायनांत विरघळवून काढलेलं व्हिस्कोसच असतं.

वास आणि घाम

रेक्झिनची खोळ असेल तर ती काढा, बाकी काही करायला नको. पावसाळ्यात ओल्या शर्टाने टेकलात तर रात्री उशी घरात आणून पंख्याखाली उभी करा. बुरशीचे ठिपके आलेच तर खोळ आणि अस्तर गरम पाण्यात धुवा, आतला काथ्या सावलीत वाऱ्यावर वाळवा.

कंबर थांबली, मान सुरू झाली

हे जाडीमुळे होतं. उशी पाच-सहा सेंटिमीटर जाड असेल तर अख्खा माणूस तेवढा पुढे येतो. डोकं आणि हेडरेस्ट यांच्यातली फट वाढते आणि मागून कुणी ठोकलं तर मानेला झटका जास्त बसतो. छातीपासून स्टिअरिंगपर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे, समोरची एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते. सीट, पट्टा, हेडरेस्ट यांच्या चाचण्या आपल्याच वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत होतात, पण त्या तुमची घरी शिवलेली उशी धरून झालेल्या नसतात. म्हणून जेवढी पातळ भागेल तेवढी ठेवा आणि हेडरेस्ट डोक्याच्या मागे येईल इतकं वर घ्या. कितीतरी गाड्यांत ते कायम सगळ्यात खाली असतं, मानेपाशी, शोभेला.

एकाच बाजूला दुखतं

आता मामांकडे येते. त्यांची उशी मी दोनदा बदलली, दुखणं उजव्या कुल्ल्यातच. तिसऱ्यांदा त्यांच्याच रिक्षात मागे बसून डेक्कनपर्यंत गेले तेव्हा दिसलं. उजव्या मागच्या खिशात पाकीट, त्यात लायसन्स, पावत्या, देवाचे फोटो, दोन बोटं जाड. शिवाय बसणं तिरकं, डावा खांदा पुढे. एका बाजूला उंचवटा असला की ओटीपोट तिरपं होतं, कणा सरळ राहायला दुसरीकडे वाकतो आणि मधल्या टेकूला काही अर्थ उरत नाही. पाकीट पुढच्या खिशात गेलं, आणि कॉयरच्या जागी फक्त दोन सेंटिमीटरची पातळ उशी दिली. रिक्षाची पाठ मुळातच सरळ आणि आखूड, हँडल जवळ, तिथे जाड उशी बसतच नाही. “एवढ्यासाठी तुम्ही मीटर भरलंत होय?” असं म्हणाले, आणि पैसे घेतले. घ्यायलाच हवे होते.

खड्ड्यात उशीचा काही उपयोग होत नाही

नाहीच होत. बसलेल्या माणसाचा कणा उभ्या हादऱ्यांबरोबर सर्वांत जास्त हलतो ते हादरे सेकंदाला चार ते सहा असतात तेव्हा. मऊ फोमची जाड गादी नेमके तेवढेच हादरे बऱ्याचदा कमी न करता वाढवते. पाठीमागची उशी आडव्या दिशेने टेकू देते. उभा दणका बुडातून येतो. तेव्हा बुडाखाली आणखी मऊ काही टाकू नका. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी आहे का पाहा; पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट ३५ भरतो. शॉक ॲबसॉर्बर गळतायत का तेही बघून घ्या. आणि तासाभराने पाच मिनिटं उतरून चाला, चाकणच्या रांगेत ते जमतं तेव्हा.

पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, पाय उचलताना लुळा वाटत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका, हाडांच्या डॉक्टरकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी, इमर्जन्सीत.

शिवलेल्या उशीच्या अस्तरावर आतून मार्करने तारीख आणि मधली जाडी लिहून ठेवा, आणि दर दिवाळीला खोळ धुताना पट्टीने मोजा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त बसली असेल तर वरचा लॅटेक्सचा थर बदला, काथ्या तसाच राहू द्या. माझ्या उशीवर ‘फेब्रुवारी २०२३, ४.३’ लिहिलंय. मागच्या दिवाळीला ४ भरली. सासऱ्यांची मोजू देत नाहीत.